बिनपगारी साक्ष

परदेशातल्या एका शहरात, बिशान नावाच्या भागातल्या चाइल्डकेअर सेंटरमध्ये मी तीन-चार वर्षांच्या मुलांची शिक्षिका होते. सरकारी वसाहतीतल्या उंच ब्लॉकचा तळमजला, काचेची दारं, दारांवर मुलांनी रंगवलेली कागदी फुलपाखरं. वर्गावर आम्ही तिघी होतो. मुख्य शिक्षिका इथलीच, बरीच वर्षं अनुभव असलेली, पालकांची लाडकी. दुसरी मी. तिसरी एक तरुण सहायक शिक्षिका. ती सीमेपलीकडे जोहोरला राहायची आणि रोज पहाटे पूल ओलांडून कामाला यायची.

त्या दिवशी जेवायला माशाची पेज होती. वर्गातल्या एका मुलीला मासा आवडत नसे. पहिला घास ती गालात धरून बसायची आणि डोळ्यांत पाणी आणायची. मी तिच्या टेबलाशी असले की तिला नुसता भात द्यायचे. त्या दिवशी मुख्य शिक्षिका तिच्या समोर छोट्या स्टुलावर बसली होती. तिनं डाव्या हातानं मुलीची हनुवटी धरली आणि उजव्या हातानं चमचा आत लोटला. दोनदा, तीनदा. मुलीला उमासा आला आणि ती वाडग्यातच ओकली. मला वाटलं, आता ही उठेल, मुलीचं तोंड पुसेल. तिनं चमच्यानं वाडग्यातलं ढवळलं आणि तोच चमचा पुन्हा मुलीच्या तोंडात घातला.

मी पलीकडच्या टेबलाशी होते. जोहोरवाली शेजारी फडकं घेऊन उभी होती. आमची नजरानजर झाली. मी जाऊन वाडगा उचलला. मुख्य शिक्षिका वर बघून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "हिला सवय लागायला हवी." मी सिंकपाशी जाऊन वाडगा रिकामा केला, नळ सोडला. हात कितीतरी वेळा धुतले. तो आंबूस वास दिवसभर नाकातून गेला नाही.

मुलं झोपल्यावर मी प्रिन्सिपलच्या खोलीत गेले. ती मृदू बोलणारी बाई होती. टेबलावर एक यंत्र सतत गवती चहाच्या वासाची वाफ सोडत असे. तिनं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, विश्वासानं सांगितल्याबद्दल माझे आभार मानले. मी बघते, म्हणाली. दुसऱ्या दिवशी मुख्य शिक्षिका नेहमीसारखी वर्गावर होती आणि मुलांकडून गाणं म्हणवून घेत होती. दुपारी प्रिन्सिपलनं मला बोलावून सांगितलं की कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं, त्यात तिची फक्त पाठ दिसते, वाडगा दिसत नाही. पुराव्याशिवाय इतक्या जुन्या माणसावर आरोप करणं बरं नव्हे. तिच्याशी मी समजुतीनं बोलेन, म्हणाली. विषय संपला, अशा अर्थानं तिनं समोरचे कागद सारखे केले.

त्या मुलीला न्यायला तिची आजी यायची. चिनी बोलणारी, इंग्रजी मोडकंतोडकं. दोन दिवसांनी संध्याकाळी बूट घालताना तिनं मला विचारलं, "टीचर, घरी तोंडच उघडत नाही. भात बघितला की रडते. इथं जेवते का?"

खोटं बोलायचं तर एक शब्द पुरेसा होता. मी तिला जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं. तिला कळलं की नाही म्हणून हातानं दाखवलं. हनुवटी, चमचा, वाडगा. ती बाई तिथंच चपलांच्या मांडणीपाशी खाली बसली. मग उठून नातीला कडेवर घेतलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी मुलीचे आईवडील पोलिसांत गेले.

त्यानंतर जे झालं त्यानं मला पहिल्यांदा सेंटरची किळस यायला लागली. मुख्य शिक्षिकेला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं, पूर्ण पगारावर. गुन्हा सिद्ध होत नाही तोवर माणूस निर्दोष असतो, हे मलाही मान्य होतं. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण त्याच आठवड्यात मला लेखी ताकीद मिळाली. ठरलेल्या मार्गानं न जाता मी परस्पर कुटुंबाशी बोलले, असा माझा गुन्हा. प्रिन्सिपलनं ते पत्र माझ्या हातात देताना माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. "मनाला लावून घेऊ नका, ही फक्त पद्धत आहे," ती म्हणाली. त्या हाताचा स्पर्श मला नको वाटला.

पोलिसांनी माझा जबाब घेतला. त्या मुलीला आईवडिलांनी सेंटरमधून काढलं होतं. महिने गेले. आम्ही दोघींनी वर्ग चालवला, मी आणि जोहोरवालीनं. ती चांगली मुलगी होती. हसतमुख, मुलांना कधी आवाज न चढवणारी. त्या प्रसंगाबद्दल आम्ही एकमेकींशी फार बोललो नाही. पण पोलिसांना तिनंही तेच सांगितलं होतं, जे मी सांगितलं. मग एके दिवशी दोघींनाही कोर्टात साक्षीला हजर राहण्याचा हुकूम आला. न गेल्यास गुन्हा, असं त्यात स्पष्ट होतं.

मी तो घेऊन प्रिन्सिपलकडे गेले. रजा कुठल्या खात्यात टाकायची हे मला कळत नव्हतं. आजारपणाची रजा होती, बाळंतपणाची होती, मूल आजारी पडलं तर त्याची होती, घरात कोणी गेलं तर त्याची होती. कोर्टाची नव्हती. तिनं हेड ऑफिसला विचारते म्हणून सांगितलं. दोन-तीन दिवसांनी हेड ऑफिसची एचआरची बाई स्वतः आली. नीटनेटकी, पातळ आवाजाची. तिघी त्या गवती चहाच्या वाफेत बसलो.

एचआरबाईनं सांगितलं की कोर्टात जाणं हे सेंटरचं काम नाही, त्यामुळं वार्षिक रजा घ्यावी लागेल. माझी वार्षिक रजा संपत आली होती, माझ्या मुलीच्या लांबलेल्या आजारपणात गेली होती. मग उरलेले दिवस बिनपगारी, ती म्हणाली.

"मी जे पाहिलं ते सेंटरच्या वर्गात, सेंटरच्या वेळेत, सेंटरच्या मुलीच्या बाबतीत पाहिलं," मी म्हटलं.

"बरोबर. पण तुम्हाला आम्ही नाही बोलावलेलं. सरकारनं बोलावलंय."

"आणि जिनं केलं तिला इतके महिने पगार चालू आहे."

"ती रजा नाही. ती प्रशासकीय बाब आहे." तिनं हे अगदी सहज सांगितलं.

मग प्रिन्सिपलनं अननसाच्या टार्टची बशी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली की एक मार्ग आहे. एचआरबाई जरा पुढं वाकली. सेंटरचेही वकील आहेत. मी त्यांना आधी एकदा भेटले, तर माझं कोर्टात जाणं सेंटरच्या वतीनं आहे असं धरता येईल. मग सगळे दिवस कामावर हजर म्हणून लागतील. पूर्ण पगारी.

"वकील काय विचारणार?" मी विचारलं.

"विशेष काही नाही. इतक्या महिन्यांपूर्वीची गोष्ट. तुम्हाला नक्की काय आठवतं, काय आठवत नाही, तेवढं नीट करून घेतील."

नीट करून घेतील. शिंप्याकडे ब्लाउज टाकावा तसं.  मी बशीतलं काहीच घेतलं नाही. विचार करून सांगते, म्हटलं आणि वर्गात परत आले. जोहोरवालीला माझ्यानंतर आत बोलावलं.

आम्ही वुडलँड्सला राहायचो. नवरा विद्यापीठात पोस्टडॉक संशोधक, त्याचं कंत्राट वर्षावर्षाचं. माझा कामाचा पास, म्हणजे इथं राहून काम करण्याचा परवाना, सेंटरनं काढलेला. नोकरी गेली की पासही गेला, हे या शहरात आमच्यासारख्या प्रत्येकाला पाठ असतं. मी घरी येऊन सगळं सांगितलं. नवरा कांदा चिरत होता.

"तुझा पास त्यांच्या हातात आहे, एवढं लक्षात ठेव," तो म्हणाला.

"आहे लक्षात."

"एकदा भेटून आलीस तर? भेटलीस म्हणजे काय लगेच खोटं बोललीस असं थोडंच आहे."

मी त्याला विचारलं, आपल्या मुलीला असं कोणी भरवलं असतं आणि पाहणारी शिक्षिका पगारी रजेसाठी वकिलाला भेटायला गेली असती, तर तुला कसं वाटलं असतं. मुलगी तिथंच फरशीवर बसून गृहपाठ करत होती. ती मान वर न करता तिच्या इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाली, "आई, जस्ट से व्हॉट यू सॉ लाह." नवऱ्यानं सुरी ठेवली. थोड्या वेळानं म्हणाला, "जा मग. बिनपगारी जा. बघू काय होतं ते."

तपास अधिकाऱ्याला मी फोन केला. वकिलाची भेट कोणी सुचवली ते त्यानं विचारून घेतलं. मग म्हणाला की कोणालाही भेटायची गरज नाही, पुन्हा कोणी विचारलं तर मला कळवा. पगाराचं विचारल्यावर मात्र तो म्हणाला, तो तुमचा आणि तुमच्या मालकांचा प्रश्न. हजर होतात असा दाखला हवा तर देऊ.

गावाकडे माझी ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिला फोनवर सांगितलं तेव्हा तिला आधी विश्वासच बसेना. एकदा तिला पंच म्हणून चोरीच्या खटल्यात बोलावलं होतं. समन्स दाखवलं, हेडमास्तरांनी हजेरीवर ऑन ड्युटी लिहिलं आणि विषय संपला. "तुमचं तर एवढं पुढारलेलं शहर," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, तिथं सिनेमात असतात तसे ते ज्युरीचे लोक बाकावर बसून निकाल देतात का. मी म्हटलं, नाही गं, इथं एकटे न्यायाधीश असतात. "मग एकाच माणसाला पटवायचंय," ताई म्हणाली, "सांग सरळ."

तसं सगळेच सांगत असते तर बरं झालं असतं. दर काही आठवड्यांनी रविवारी आम्ही चार-पाच कुटुंबं पासिर रिसला एका इंजिनिअरच्या घरी बुद्धवंदनेला जमायचो. तो आम्हा सगळ्यांपेक्षा वयानं मोठा, इथं बरीच वर्षं राहिलेला. सगळे त्याला दादा म्हणायचे. नव्यानं आलेल्यांना घर शोधून देणं, मुलांच्या शाळेचं सांगणं, सगळं तो मनापासून करायचा. माझ्या मनात त्याच्याबद्दल खूप आदर होता. त्या रविवारी आम्ही मूर्तीसमोर बसून नेहमीप्रमाणे पंचशील म्हटलं. पाचही शीलं, आवाजात आवाज मिसळून. चौथं शील खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं. त्या ओळीला माझा आवाज जरा जास्तच मोठा निघाला असेल.

मग चहा आला, उपमा आला. नवऱ्यानं विषय काढला. दादानं सगळं शांतपणे ऐकलं आणि मला म्हणाला, "ताई, खोटं बोला असं मी म्हणत नाही. आठवत नाही म्हणा. आठवत नाही म्हणणं म्हणजे खोटं नाही."

"पण मला आठवतंय, दादा."

"अहो, पण तुमच्या आठवण्यानं त्या मुलीचं काय परत येणार आहे? ती गेली दुसऱ्या शाळेत. तुम्ही मात्र इथून जाल. आपल्या माणसांनी इथवर यायला काय काय सोसलंय. ते असल्या भानगडीत घालवायचं का?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला, इथं आपण पाहुणे आहोत. दुसरीनं विचारलं, पगार सोडून साक्ष द्यायला तुम्हाला काय पडलंय. काही मिनिटांपूर्वी हेच सगळे हात जोडून बसले होते. अगरबत्ती अजून विझली नव्हती. मला त्या खोलीत बसवेना. उपम्याची बशी तशीच ठेवून मी खाली उतरले. नवरा आणि मुलगी मागून आले. नंतर आम्ही त्या घरी गेलो नाही. दादानं नंतर दोनदा फोन केला, मी उचलला नाही. चूक असेल. पण त्याचा आवाज ऐकायची कल्पनाच मला सहन होईना.

कोर्टाच्या पहिल्या दिवशी माझा नंबरच लागला नाही. सकाळपासून दुपारपर्यंत गार बोळात बाकावर बसून राहिले. मग सांगितलं, परवा या. बिनपगारी रजेचा एक दिवस नुसत्या बसण्यात गेला. बोळाच्या त्या टोकाला मुख्य शिक्षिका नवऱ्यासोबत बसली होती. बारीक झालेली, नीट इस्त्रीचा निळा ड्रेस. मध्येच ती उठून माझ्याजवळून गेली आणि थांबून म्हणाली, "मुलं कशी आहेत?" जशी ती रजेवरून उद्या परतणार होती.  तिच्या हातांकडे बघायचं नाही असं ठरवूनही मी बघत राहिले.

कोर्टाच्या दुसऱ्या तारखेला आजी भेटली. एकटीच, हातात कापडी पिशवी. ती माझ्याजवळ येऊन बसली. आम्हा दोघींना एकमेकींशी बोलायला भाषा जवळजवळ नव्हतीच. "टीचर, जेवलीस?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. ती माझ्या हातावर थोपटत बसून राहिली. त्या सगळ्या महिन्यांत मला ज्याची शिसारी आली नाही असा तो एकच स्पर्श.

समोरच्या बाकावर जोहोरवाली बसली होती, एचआरबाईच्या शेजारी. दोघींच्या हातात कॉफीचे कप. जोहोरवालीनं माझ्याकडे बघून मान हलवली आणि लगेच खाली घातली. तिला माझ्याआधी आत बोलावलं. ती फार वेळ आत नव्हती.

मग माझी पाळी आली. दुभाषा हवा का, विचारलं. मी नको म्हटलं. आता वाटतं, घ्यायला हवा होता. सरकारी वकिलाचे प्रश्न सोपे होते. मी पाहिलं तसं सांगितलं. मग आरोपीचा वकील उठला. सौम्य, सुसंस्कृत बोलणारा माणूस. त्यानं आधी मी कुठून आले, इथं किती वर्षं, माझा पास कसला, हे विचारलं. मुख्य शिक्षिकेची जागा रिकामी झाल्यावर तिचं काम कोणी केलं, हे विचारलं. मी म्हटलं, मी. तो "हं," म्हणाला आणि न्यायाधीशांकडे बघू लागला. तो "हं" मला आजही ऐकू येतो.

नंतर त्यानं विचारलं, "तुमच्याकडे मोठी माणसं मुलांना हातानं खाऊ घालतात, हे खरं ना?"

मी हो म्हटलं.

"मूल नको म्हणालं तरी?"

"लाडीगोडी लावून भरवतात."

'भरवतात' हा शब्द मी मराठीतच बोलून गेले. न्यायाधीशांनी तो पुन्हा सांगायला सांगितला. मला इंग्रजी शब्द सापडेना. जवळचा 'फीड' हा शब्द गुरांना चारा घालण्यालाही चालतो. भरवणं म्हणजे काऊ-चिऊचे घास, मांडीवर बसवून, चंद्र दाखवून, मूल मान फिरवेल तर हसून थांबणं. हे त्या खोलीत कसं सांगायचं. वकील वाट बघत उभा होता. म्हणाला, "म्हणजे नको असताना मुलाच्या तोंडात अन्न घालणं तुमच्याकडे मायेचं समजतात."

माझ्या आईनं, आजीनं मला घातलेला प्रत्येक घास त्यानं उचलून त्या वाडग्यात टाकला होता.  मी कठडा धरून हळू म्हटलं, "आमच्याकडे मुलाला त्याची ओकारी खायला घालत नाहीत. तुमच्याकडेही घालत नाहीत. त्या दिवशी मी वाडगा उचलून सिंकमध्ये ओतला. कॅमेऱ्यात तिची पाठ आहे, पण मी वाडगा नेतानाही त्यात असेन. बघा."

न्यायाधीशांनी काहीतरी लिहून घेतलं. वकिलानं पुढचे प्रश्न विचारले. मी बाहेर आले तेव्हा एचआरबाई निघून गेली होती.

घरी जायला जोहोरवाली आणि मी एकाच एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, होतो. तिला वुडलँड्सहून पुढं बस घ्यायची असे. आधी काही वेळ आम्ही दोघीही दाराशी उभ्या राहून बाहेर बघत होतो. मग ती म्हणाली, "मी सांगितलं, मला नीट दिसलं नाही."

"दिसलं होतं."

"हो."

"वकिलाला भेटलीस?"

"दोनदा." जरा थांबून ती म्हणाली, "माझा पास यंदा नवा करायचाय."

"माझाही."

ती रडायला लागली. मला तिची दया यायला हवी होती. वयानं माझ्यापेक्षा किती लहान. तिला घाबरवून हे करवून घेतलं होतं, हे मला कळत होतं. पण तिच्या खांद्यावर हात ठेवायला माझा हात उचलला नाही. तिच्या अंगाला येणारा साबणाचा वास, ओलं नाक, सगळंच नकोसं झालं. स्टेशन आल्यावर मी आधी उतरून निघून गेले.

निकाल लागला तेव्हा कळलं की चित्रणात मी खरंच होते. वाडगा हातात धरून, तोंड दुसरीकडे फिरवून सिंककडे जाताना. आजीचं म्हणणं, डॉक्टरांचं म्हणणं आणि माझी साक्ष न्यायाधीशांना पुरेशी वाटली. मुख्य शिक्षिकेला काही आठवड्यांची कैद झाली. मला आनंद झाला नाही. सुटल्यासारखं वाटलं, एवढंच.

त्याच संध्याकाळी सेंटरनं सगळ्या पालकांना संदेश पाठवला. मुलांची सुरक्षितता आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे, तपासाला आम्ही पहिल्या दिवसापासून पूर्ण सहकार्य केलं, आमच्याच एका शिक्षिकेनं धैर्यानं पुढं येऊन साक्ष दिली. तो संदेश मला एका पालकानं आभार मानत पुढं पाठवला. मी फोन उलटा करून ठेवला.

शुक्रवारच्या बैठकीत प्रिन्सिपलनं सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. टाळ्या झाल्या. जोहोरवालीही टाळ्या वाजवत होती. नव्या शिक्षिकांच्या प्रशिक्षणात मी माझा अनुभव सांगावा, असं हेड ऑफिसला वाटत होतं. मी बैठकीनंतर तिच्या खोलीत गेले आणि विचारलं की आता तरी माझे कोर्टाचे दिवस पगारी करता येतील का. पैशांसाठी विचारत नव्हते. त्या दिवशी मी काय केलं, याला त्यांनी निदान काम म्हणावं, इतकंच मला हवं होतं.

"मला समजतं," ती म्हणाली. "पण एकासाठी नियम बदलला तर उद्या सगळेच मागतील."

"सगळे काय मागतील? साक्ष द्यायला जायची रजा?"

ती हसली, जणू मी गंमत केली. "आणि ती ताकीद," मी म्हटलं, "ती तरी काढून टाका." ती म्हणाली, ते वेगळं प्रकरण आहे. पद्धत ती पद्धत. प्रशिक्षणाचा मात्र विचार करा. त्या दिवसाचा पगार अर्थात मिळेल.

मी त्याच आठवड्यात दुसरीकडे अर्ज करायला लागले. राजीनामा फेकून बाहेर पडण्याची चैन आम्हाला नव्हती, नवा पास हातात येईपर्यंत मी रोज त्या काचेच्या दारातून आत जात राहिले, मुलांची तोंडं पुसत राहिले. त्यांच्यात काही वाईट नव्हतं. फक्त प्रिन्सिपलच्या खोलीवरून जाताना मी श्वास रोखून धरायचे.

नव्या सेंटरच्या मुलाखतीत जुनी नोकरी का सोडता, हे विचारलंच. मी लपवलं नाही. समोरची प्रिन्सिपल तरुण होती, चष्म्यातून लक्ष देऊन ऐकत होती. तुम्ही फार योग्य केलं, म्हणाली. आम्हाला अशीच माणसं हवीत, म्हणाली. मला बरं वाटलं. मग तिनं पेन हातात घेतलं आणि विचारलं, "आणखी कोर्टाच्या तारखा नाहीत ना आता? म्हणजे सुट्ट्यांच्या दृष्टीनं विचारते."

अपील होणार की नाही हे मला माहीत नव्हतं. तसं मी तिला सांगितलं. ती जरा विचारात पडली आणि म्हणाली, "तेव्हाचं तेव्हा बघू. वार्षिक रजा आहेच."

ती नोकरी मी घेतली.